अप्पांचे क्लिपचे बूट

"फिट! एकदम फिट!" अप्पा म्हणाले.

शौकतभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मी शौकतभाईंकडं. कारण खोक्यातनं चुकून आठ नंबरचा बूट निघाला होता आणि माझ्या सासऱ्यांचा पाय नऊचा.

"अप्पा, आठ नंबर आहे हा."

"असू दे की. चामडं आहे, पडेल सैल."

"सायकलचे बूट आहेत हे! कोल्हापुरी पायताण आहे होय, तेल लावून सैल करायला?"

शौकतभाई हसू दाबत आत गेले, नऊ नंबर शोधायला. त्यांचं दुकान म्हणजे आम्हा कोल्हापूरच्या सायकलवाल्यांचा अड्डा. मी तिथं हक्कानं ओरडते. तशी मी कुठंही ओरडते. शाळेत पी.टी. शिकवते, शिट्टी हरवली तरी माझं अडत नाही.

त्या आधी अप्पांनी दोन जोड घालून बघितले होते. पहिला रेसचा, चकचकीत, कार्बनच्या तळव्याचा. "फिट." दुसरा जाळीचा, वर बटण फिरवलं की तार आवळणारा. "हाही फिट." आता हा तिसरा, एक नंबर लहान, तरी फिटच! बूट घ्यायला आलेत का माझी फिरकी घ्यायला, तेच मला कळेना.

"नुसतं फिट फिट करू नका. चालून दाखवा. अंगठा पुढं टेकतोय का? टाच उचलतेय का?"

"नाही बाई, काही नाही."

नऊ नंबर आला. जाड रबरी तळवा, शेतातल्या ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा, पुढं बोटांपाशी रुंद आणि वर रबराचं कवच. तळवा नुसता चिकटवलेला नव्हता, शिवलेला होता. तळव्याच्या खोबणीत लोखंडी क्लीट बसते. ती पॅडलमध्ये अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. क्लीट खोबणीत आत असली म्हणजे खडकावरनं चालताना माणूस घसरत नाही. लोकांना वाटतं, सायकलचा बूट सायकल चालवायला घ्यायचा. रस्त्यावर ठीक आहे. आडरानात सामान लादून आठवडाभर जायचं, तर बूट सायकल ढकलण्यासाठी घ्यायचा! अर्धा दिवस तुम्ही सायकलवर आणि अर्धा दिवस सायकल तुमच्यावर. तिथं तो कार्बनचा बूट पहिल्याच चढाला मान टाकतो. बटणाची तार तुटली तर रानात कोण जोडून देणार? नाडी तुटली तर सुतळी तरी लावता येते.

हे सगळं मी अप्पांना सांगत होते आणि अप्पा भलतंच करत होते. बूट मांडीवर घेऊन त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून आतली शिवण न् शिवण बोटांनी चाचपली.

"हे घेऊ," ते म्हणाले. "आतनं कुठं टोचत नाही."

"पायात घालून सांगा ना मग!"

"हातानं कळतंय की."

मी कपाळाला हात लावला. मुळात क्लिपचे बूट हा हट्टही त्यांचाच. मी म्हटलं होतं, तुमचं वय बघता साधं पॅडल बरं, पटकन पाय टेकता येतो. तर नाही! "क्लिपवालेच पाहिजेत. नाहीतर मी येत नाही." आणि यायचं तर त्यांना होतंच. मी आमच्या ग्रुपला घेऊन कोल्हापूरहून आडवाटेनं पारगडच्या किल्ल्यावर निघणार होते. भुदरगड, आजरा, चंदगड करत, तंबू-बिंबू सायकलला बांधून.

अप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. कारखान्याच्या माणसाला हिवाळा नसतो, त्याला गळीत हंगाम असतो. इकडं थंडी पडली की तिकडं बॉयलर पेटला. लोक हुरडा खायला जातात, जत्रा करतात, आणि हे तीन पाळ्यांत रसाचे नमुने तपासत बसलेले. रिटायर झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "ऊर्मिला, हा हिवाळा माझा." मधुमेहासाठी मी त्यांना रिटायर व्हायच्या आधीच सायकलवर बसवलं होतं, आणि दोन वर्षांत हा माणूस माझ्याबरोबर पन्हाळ्याचा घाट न थांबता चढायला लागला. मला त्यांचा अभिमान होता. अजूनही आहे.

घरी सासूबाईंनी बूट उलटा करून बघितला.

"खाली लोखंड?"

"क्लीट म्हणतात त्याला, आई."

"बैलाला पत्री मारतात तसलं दिसतंय. ह्या वयात पत्री मारून घ्यायला निघालेत!" त्यांनी बूट खाली ठेवला. "मी सांगते, जायचं न्हाई. रानात काय झालं तर?"

"काय व्हायचंय?" अप्पा म्हणाले.

"ते तुम्हाला ठाऊक."

"मी जाणार."

"बघू की कसे जाताय!"

मला वाटलं, नेहमीचं भांडण. माझा नवरा दिग्विजय तेव्हा जहाजावर होता, त्यामुळं ह्या दोघांमध्ये पंच मीच. मी निकाल देऊन टाकला. "आधी मसाई पठारावर चाचणी. बूट चालले, अप्पा चालले, तर पारगड. नाहीतर नाही." दोघांनीही मान हलवली. सासूबाईंनी जरा जास्तच पटकन हलवली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी क्लिपची सवय व्हावी म्हणून मी अप्पांना नदीकाठच्या पाणंदीत फिरवून आणलं. एकदा ते उभ्या उभ्या आडवे झाले, ते सगळेच होतात. मग जमलं. टक् करून क्लिप अडकली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की बस्स. बूट मात्र चिखलानं भरले. सासूबाईंनी कुरकुरत का होईना, धुतले आणि वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून चुलीच्या उबेला ठेवले. आमच्याकडं बूट असेच वाळवतात.

सकाळी मी फाटकाशी सायकल घेऊन उभी होते. अप्पा पायरीवर बसून घाईघाईनं बूट घालत होते. दारात सासूबाई. मला आठवतंय, त्या एकटक त्यांच्या पायाकडं बघत होत्या. अप्पा उठले, त्यांच्या समोरनं चालत फाटकापर्यंत आले, सायकलवर बसले.

"येतो गं," ते म्हणाले.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, रुसल्यात.

काय चालवली सायकल त्यांनी त्या दिवशी! पन्हाळ्याच्या अंगानं वर चढलो, मग मुरमाची वाट, मग तो अंगावर येणारा खडकाळ टप्पा. तिथं मी मुद्दाम उतरायला लावलं. सामानासकट सायकल ढकलत, मधेच उचलत अप्पा वर आले. बूट खडकाला धरून होते, जराही सटकले नाहीत. पठारावर आलो तेव्हा वारा असा सुटला होता की बोललेलं ऐकू येईना. पिवळं गवत, लांबवर कुणाची तरी म्हसरं. अप्पांनी दोन्ही हात सोडून मोठ्यांदा आरोळी ठोकली. साठी उलटलेला माणूस! मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं. बुटांनाही.

"अप्पा, पारगड पक्कं!" मी ओरडले.

तळ्यापाशी जेवायला बसलो. भाकरी, झुणका, ठेचा. पायात घालून अन्नाला बसायचं नाही, हा आमच्या घरचा नियम रानातही मोडत नाही. मी बूट काढले. अप्पा पाठ फिरवून जरा लांब गेले आणि तिकडं दगडावर बसून काढायला लागले.

"इकडं या की. तिकडं काय लपून बसलाय?"

"आलो, आलो."

डावा निघाला. उजवा निघाला, आणि त्याच्याबरोबर वर्तमानपत्राचा एक चेपलेला बोळा गवतावर पडला.

मी हसत सुटले. मला हसू आवरेना. "अहो अप्पा! बोळ्यासकट बूट घातलात? बोळा घेऊन मसाई पठार चढलात? शौकतभाईंना सांगते थांबा, वर्षभर हसतील!"

अप्पा हसले नाहीत. ते त्या बोळ्याकडं बघत होते. मी उठून जवळ गेले आणि माझं हसू तिथंच मेलं. उजव्या मोज्याचं टोक लाल होतं.

"मोजा काढा."

"काही नाही गं. राहू दे."

"अप्पा, मोजा काढा."

अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं आणि बाजूची कातडी सोलून रक्त येत होतं. शेजारच्या बोटावर टरटरून फुगलेला फोड. मला बघूनच कळ आली. आणि अप्पा त्या पायाकडं असे बघत होते की जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

"दुखत नाही?"

ते बोळा उचलायला वाकले.

"अप्पा, मी काय विचारतेय? दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं."

आठ नंबरचा बूट फिट, रेसचा बूट फिट, सगळंच फिट. मनगटापर्यंत हात घालून शिवण चाचपणं. माझ्या डोक्यात एकेक उजेड पडत गेला.

"आणि तरी क्लिपचे बूट? पायाला काही कळत नाही आणि तो पाय सायकलला अडकवून घ्यायचा? अक्कल गहाण ठेवली काय तुम्ही?" सासऱ्याशी असं बोलतात का? नाही बोलत. मी बोलले.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साध्या पॅडलवर पाय कुठं आहे तेच मला कळत नाही, ऊर्मिला. खाली बघावं लागतं. खाली बघितलं की समोरचा दगड येतोय. दोनदा पडलो, तुला सांगितलं नाही. क्लिप अडकली की आवाज होतो. पायाला कळत नसेल, पण कानाला कळतंय ना? तो आवाज झाला की मला माहीत असतंय, माझा पाय जागेवर आहे."

मी पाण्याची बाटली उघडली.

"सांगितलं असतं तर तू सायकलच काढून घेतली असतीस," ते म्हणाले. "खरं सांग. असतीस की नाही?"

"असती."

"मग?"

मी जखम पाण्यानं धुवायला खाली बसले, तर त्यांनी पाय आखडून घेतला. "तू नको. सुनेनं सासऱ्याच्या पायाला... बरं दिसत नाही ते."

"सणासुदीला वाकून नमस्कार करते तेव्हा बरं दिसतं, आता नाही दिसत? आणा इकडं!"

"नमस्कार वेगळा. नको म्हटलं ना. मी करतो."

आणि त्यांनी स्वतःच केलं, वाकून, धापा टाकत, पट्टी वाकडीतिकडी बांधून. बघताना मला रडू आलं. तसं तोंडावर सांगितलं मी त्यांना, "मला रडू येतंय अप्पा, तुमचा फार राग येतोय." ते म्हणाले, "भाकरी खा आधी." भाकरी खाता खाता मी बॅगेतनं फोन काढला. घरनं किती तरी मिस्ड कॉल येऊन पडले होते. परत लावला तर पठारावर रेंज गेलेली.

रेंज आली तिथनं मी ओळखीचा टेम्पो बोलावला. घरी काय सांगायचं ते ठरेना, म्हणून तिकडं फोन केला नाही. दोन्ही सायकली टेम्पोत, अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी. शहरात शिरताना ते एवढंच म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"का?"

"ती एवढ्यावर घराबाहेर पडू देणार नाही. आणि हा हिवाळा गेला तर पुढच्याला पाय असतील-नसतील."

सगळं माझ्या हातात होतं. मी सांगितलं की पारगड संपलं, नाही सांगितलं की खोटेपणा. पण माझ्याच्यानं खोटं होत नाही, आवाजच चढा लागतो. मी ठरवलं, डॉक्टरांना दाखवायचं, खरं सांगायचं, आणि तरीही त्यांना न्यायचं. कसं, ते माहीत नव्हतं. पण न्यायचं.

डॉक्टर निंबाळकरांनी अर्धा तास अप्पांना फैलावर घेतलं. मग पायाला सुया टोचून, थरथरणारा लोखंडी चिमटा हाडाला लावून सगळं तपासलं. निकाल असा होता: जखम पूर्ण भरेपर्यंत बूट बंद, साखर आटोक्यात. मग जायला हरकत नाही, पण रोज दोन वेळा, दुसऱ्या माणसानं, उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट पाय बघायचे. स्वतःचे स्वतः नाही. आणि बुटांचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बूट उत्तम आहेत. रुंद आहेत. त्यांच्यात पेपर घालू नका म्हणजे झालं."

घरी आलो तर सासूबाई फाटकातच. अप्पांची पट्टी दिसताच त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आई, ऐकून घ्या," मी सुरू केलं. "अप्पांच्या पायाला..."

"काय सांगतीस मला? मला ठाऊक हाय."

अप्पा जागच्या जागी उभे राहिले.

"ठाऊक हाय?"

"चालताना चप्पल पायातनं सुटून मागं राहती, आणि तुम्ही पुढं चालत जाताय अनवाणी. अंगणात, देवळात, बाजारात. मागनं कोण उचलून आणतंय? तुम्हाला वाटतंय चप्पल तिथंच होती. वर्ष झालं मी उचलतीया. एकदा तरी सांगाल म्हणून वाट बघितली."

"मग तू का बोलली नाहीस?"

"बोलले असते तर कबूल केलं असतं? तुम्ही? म्हणून तो बोळा." त्यांनी अप्पांच्या पट्टीकडं बोट केलं. "डाव्यातला काढला, उजव्यातला मीच ठेवला. म्हटलं, दारातच कळलं तर खुशाल जाऊ दे, माझंच चुकलं म्हणेन. न्हाई कळलं तर हाक मारीन. तुम्ही माझ्यासमोरनं चालत गेलात तसेच. आणि माझ्या तोंडातनं शब्दच फुटंना. तोवर तुम्ही वळणावर. फोन लावून लावून बोटं दुखली माझी. दिवसभर पाण्याचा घोट न्हाई उतरला."

अप्पा पायरीवर बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. नाही जात पारगडला."

मी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं. मला! शाळेत कुणाची छाती होत नाही.

"न जाऊन काय करणार? घरात बसून माझ्यावर डाफरणार? जावा. हा हिवाळा माझा, हा हिवाळा माझा, लावलंय रिटायर झाल्यापासनं. माझे कुठं गेले हिवाळे? तुम्ही कारखान्यात पाळीला, मी इथं दाराला कडी लावून पोरगं सांभाळत. माझा हंगामच होता की तोही."

अप्पांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

"ऊर्मिला," त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले? दोन वेळा पाय बघायचे दुसऱ्या माणसानं?"

"हो. मी बघते म्हटलं तर हे लाजतात."

"लाजणारच. सून ती सून. तुझे मुक्काम कुठं कुठं हायत ते सांग. तिथं एस.टी. जाती का?"

ह्याला आता नऊ वर्षं झाली. अप्पांचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि त्यांच्या बुटांचा तिसरा जोड चालू आहे, तोच, रुंद, शिवलेल्या तळव्याचा. आमच्या ग्रुपमधली पोरं मला विचारतात, मॅडम, लांबच्या ट्रिपला बूट कसे निवडायचे? मी त्यांना तळवा सांगते, नाडी सांगते, रबर सांगते. आणि मग सांगते, बूट काढल्यावर तुमचे पाय कोण बघणार, ते आधी ठरवा. पोरांना वाटतं, मॅडम चेष्टा करतात.

त्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी आम्ही निघालो. पहिला मुक्काम कडगावला, ओळखीच्या मास्तरांच्या शाळेत. वाट खराब होती, दोन ओढे लागले, एका ठिकाणी सायकली डोक्यावर घ्यायची वेळ आली. पोहोचलो तेव्हा ऊन पार कलंडलं होतं आणि हवेत असा गारवा की कान गार. शाळेच्या व्हरांड्यात, अंगाला शाल लपेटून, गावातल्या चार बायका भोवती जमवून सासूबाई बसल्या होत्या. दुपारच्या एस.टी.नं आल्या होत्या. समोर घमेलं, खांद्यावर टॉवेल, नाकावर चष्मा. आम्हाला बघून त्यांनी घमेल्यात कोपर बुडवून पाणी किती गरम आहे ते बघितलं.

"उशीर केलात," त्या अप्पांना म्हणाल्या. "बसा हितं."

अप्पांनी बायकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आधी चहा घेतो की."

"आधी पाय."